वाळूज, चेतक आणि तीन घनसेंटिमीटर

५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाजच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन झाले. रस्त्यांवर तेव्हा चेतकचे राज्य होते.

तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा बोअर ५७ मिमी, स्ट्रोकही ५७, म्हणजे १४५.४५ घनसेंमी. पिस्टन शिखरावर असताना वर उरणारी पोकळी समजा २३. दोहोंच्या बेरजेला पोकळीने भागले की कॉम्प्रेशन रेशो ७.३. हेड बदलून पोकळी २० झाली, तर ८.३! ती मोजायची स्पार्कप्लगच्या छिद्रातून तेल भरून. फरक चमचाभरही नाही. पण कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर तेवढ्यानेही इंजिन ठोके देऊ लागते, पिस्टन वितळू शकतो.

जपानी प्रथेत मात्र टू-स्ट्रोकचा हिशेब बहुधा एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर सुरू होतो आणि आकडा लहान येतो. म्हणून चेतक आणि १९८६ ची कावासाकी-बजाज केबी १०० यांचे आकडे, मोजणी न तपासता, शेजारी मांडू नयेत.