पॉइंटर, ॲरे आणि डेटा स्ट्रक्चर

संगणकाच्या मेमरीत प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. हा क्रमांक, म्हणजेच ॲड्रेस, ज्या चलात साठवतात तो पॉइंटर. एकाच प्रकारच्या किमती लागोपाठच्या घरांत ठेवल्या की ॲरे होतो. काष्टी गावच्या जनावरांच्या बाजारात दावणीचे खुंटे सारख्या अंतरावर ठोकावेत तशी ही घरे असतात. पहिल्याचा ठिकाणा कळला की दहावे गाठायला मधली तपासावी लागत नाहीत.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेत हे नाते सर्वांत उघडे दिसते. चार बाइटच्या पूर्णांकांचा ‘गुण’ हा ॲरे १००० या ॲड्रेसवर सुरू झाला, तर गुण[३] म्हणजे १००० + ३ × ४ = १०१२ वरची किंमत. कंसातला क्रमांक, म्हणजे इंडेक्स, शून्यापासून का, याचे उत्तर याच बेरजेत आहे. मात्र पाच घरांच्या ॲरेत गुण[७] लिहिले तरी सी अडवत नाही. तिथे किंमत भरली तर शेजारचा मजकूर पुसला जाऊ शकतो. १९८८ चा मॉरिस वर्म हा स्वतःच्या प्रती काढत जाणारा प्रोग्राम पसरला त्या वाटांपैकी एक हीच होती: ‘गेट्स’ हे फंक्शन आत येणाऱ्या मजकुराची लांबी पाहतच नसे. ते सीच्या अधिकृत प्रमाणकातून (स्टँडर्डमधून) २०११ मध्ये वगळले गेले.

लिंक्ड लिस्टमध्ये घरे विखुरलेली असतात आणि प्रत्येक गाठ पुढच्या गाठीचा ॲड्रेस बाळगते. जागा सापडली की मध्ये नवी गाठ घालायला दोन पॉइंटर बदलले तरी पुरते, पण शंभरावी गाठ गाठायला आधीच्या नव्याण्णव ओलांडाव्या लागतात. स्टॅक (शेवटी आलेले आधी बाहेर) आणि क्यू (आधी आलेले आधी बाहेर) ॲरे व लिंक्ड लिस्ट या दोन्ही पद्धतींनी बांधता येतात.

आता वर्गाकडे वळू. काष्टीचे परिक्रमा अभियांत्रिकी महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे. विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत अशा रचनांचा, म्हणजे डेटा स्ट्रक्चरचा, विषय दुसऱ्या वर्षी येतो. पॉइंटरपाशी अनेक विद्यार्थी अडखळतात. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ त्यांच्या मदतीला आले. चौकोन, त्यातली किंमत आणि खाली ॲड्रेस अशी आकृती काढून शिकवण्याची रीत त्या पुस्तकाने घरोघरी नेली. पॉइंटरवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

नंतरच्या भाषांनी ॲड्रेस झाकला. जावात (१९९५) ॲड्रेसची बेरीज-वजाबाकी करता येत नाही आणि ॲरेची हद्द ओलांडताच अपवाद (एक्सेप्शन) उभा राहतो. पायथनची लिस्ट किमतींऐवजी त्यांचे संदर्भ साठवते. चलाचे नावही संदर्भच असते, म्हणून एकाच लिस्टला दोन नावे दिली की एका नावातून केलेला बदल दुसऱ्यातही दिसतो. रस्ट (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) कोणत्या किमतीचा मालक कोण, हे कंपाइल होतानाच तपासते. माझ्या मते पॉइंटरच्या प्रश्नावर आजवर निघालेला सर्वांत विचारी तोडगा हाच.

पायथनने सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यानेही एकदा सीमध्ये लिंक्ड लिस्ट स्वतः बांधावी आणि प्रत्येक गाठीचा ॲड्रेस कागदावर लिहून पाहावा.