राष्ट्रगीताची निवड आणि आपला प्रांत

युरोपातील देशांची गाण्याची एक स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो या गावी सुरू झाली. पहिल्या वर्षी सात देश उतरले होते आणि यजमान स्वित्झर्लंडनेच बाजी मारली. घरी एक गाणे निवडायचे, ते परक्या श्रोत्यांपुढे न्यायचे आणि त्यांचा कौल घ्यायचा, असा त्या स्पर्धेचा परिपाठ आहे. भारत त्या स्पर्धेतला देश नव्हे. तथापि गाणे जगापुढे वाजवायचे, जग काय म्हणते ते ऐकायचे आणि मग घरचा निकाल लावायचा, हा प्रकार आपल्या देशाने त्याच्याही आधी, १९४७ ते १९५० या काळात, एकदा केलेला आहे. ते गाणे म्हणजे आपले राष्ट्रगीत. या निवडीत एका प्रांताने इतरांपेक्षा वेगळे मत दिले होते आणि तो प्रांत आपला होता. ही हकीकत आपल्या भागात फारशी सांगितली जात नाही, म्हणून आजचा विषय तोच घेतला आहे.

मी संगीतातला जाणकार नव्हे. माझे आयुष्य हमाल, जिनिंगचे मजूर आणि गिरणीतले कामगार यांच्या सभांत गेले, आणि जे थोडे वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु सभेत गाणे कशासाठी लागते, हे मला ठाऊक आहे. भाषण एक जण करतो आणि बाकीचे ऐकतात. गाणे मात्र सगळ्यांनी मिळून म्हणायचे असते. त्यामुळे सभेचे गाणे निवडताना ते किती थोर आहे एवढेच पाहून भागत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ते म्हणता येईल का, आणि म्हणावेसे वाटेल का, हेही पाहावे लागते. देशाच्या गाण्याचेही तेच आहे.

प्रथम त्या वेळची अडचण ध्यानात घेऊ. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीची बैठक भरली तेव्हा आरंभी सुचेता कृपलानी यांनी ‘वंदे मातरम्’चे पहिले कडवे म्हटले आणि अखेरीस ‘सारे जहाँ से अच्छा’च्या काही ओळी व ‘जन गण मन’चे पहिले कडवे म्हटले. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या रात्री तीन गाणी होती, पण राष्ट्रगीत एकही ठरलेले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पलटणींच्या बँडने काय वाजवायचे? परदेशातील वकिलातींनी काय वाजवायचे? इंग्लंडच्या राजाचे गीत तर आता चालणार नव्हते. कारभाराचा हा साधा प्रश्न होता आणि तो तातडीचा होता.

हक्क सांगायचा तर ‘वंदे मातरम्’चा हक्क मोठा होता. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ या कादंबरीतून ते १८८२ साली ग्रंथरूपाने लोकांपुढे आले. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वतः रवींद्रनाथांनी ते गायिले. १९०५ च्या वंगभंगानंतर ते देशभर पसरले. महाराष्ट्राचा त्यातला वाटा लहान नाही. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांत ते गात असत. १९२३ साली काकीनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असताही त्यांनी गाणे थांबवले नाही. आणि पैनगंगेच्या पलीकडे, निजामाच्या राज्यात, १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत हे गीत म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील पुष्कळ मुलांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. हिंगोलीकडचा मुलूख तेव्हा निजामाचा आणि वाशीम आपले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे गाणे आपल्या दाराशी किती जवळ येऊन गेले ते सांगायला नको.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या गीताच्या पुढच्या कडव्यांत मातृभूमीला देवीचे रूप दिलेले आहे, आणि मूर्तिपूजा न मानणाऱ्या मुसलमान बांधवाच्या मनाला ते अडत होते. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने रवींद्रनाथांचा सल्ला घेऊन राष्ट्रीय सभांतून पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले. कोणाला हा शहाणपणा वाटला, कोणाला माघार वाटली. वाद मात्र मिटला नाही.

‘जन गण मन’ हे रवींद्रनाथांचे गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रथम म्हटले गेले. ते बादशहाच्या स्वागतासाठी लिहिले असा एक प्रवाद आजही ऐकू येतो, म्हणून त्याचा उलगडा येथेच करतो. त्या दिवशी अधिवेशनात बादशहाच्या गौरवाचे एक वेगळे हिंदी गीतही म्हटले गेले होते, आणि काही इंग्रजी वृत्तपत्रांनी दोहोंची गल्लत केली. गीतातला भाग्यविधाता म्हणजे कोणी राजा नव्हे, असे रवींद्रनाथांनी १९३७ साली पत्र लिहून स्पष्ट केले आहे.

आता परदेशातला प्रसंग. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा न्यूयॉर्कला भरली होती. विजयालक्ष्मी पंडित आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. एका समारंभात वाद्यवृंदाने वाजवावे म्हणून शिष्टमंडळाकडे भारताचे राष्ट्रगीत मागण्यात आले. ठरलेले गीत नव्हतेच. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची एक ध्वनिमुद्रिका होती, ती त्यांनी वाद्यवृंदाच्या हवाली केली. वादकांनी ती ऐकून तालीम केली आणि मोठ्या समुदायापुढे वाजवली. ती चाल लोकांना फार आवडली, आणि अनेक देशांच्या प्रतिनिधींनी तिची स्वरलिपी मागितली. त्यांना ती वेगळ्या धाटणीची आणि भारदस्त वाटली. ही सारी हकीकत पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीपुढे केलेल्या निवेदनात आहे.

परक्या श्रोत्यांनी येथे शब्दांना कौल दिला नव्हता, कारण शब्द त्यांना कळतच नव्हते. कौल होता तो चालीला. नेहरूंनीही तसेच मांडले: राष्ट्रगीत बँडवर व वाद्यवृंदावर वाजायचे असते, म्हणून त्यात शब्दांपेक्षा चालीला महत्त्व अधिक; आणि ‘वंदे मातरम्’ची चाल परदेशी वाद्यवृंदाला सहज वाजवता येण्याजोगी नाही.

हे म्हणणे जरा उलगडून पाहू. बँडमध्ये तीसचाळीस माणसे असतात आणि प्रत्येकापुढे कागदावर लिहिलेले स्वर असतात. एकटा गवई एखाद्या जागेवर रेंगाळेल, मींड घेईल, त्याच ओळीवर पुन्हा येईल, आणि त्यातच त्याची थोरवी आहे. बँडला ते करता येत नाही. कोठे सुरू करायचे, मात्रा किती, कोठे थांबायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. ‘वंदे मातरम्’ला तर एकच एक चाल नव्हती. रवींद्रनाथांची देस रागातली, पलुस्करांची काफीतली, आणखी कोणाची आणखी कशात. प्रत्येक प्रांताने ते गाणे इतके आपलेसे केले होते की प्रत्येकाने त्याला आपापला सूर दिला होता. गाण्याच्या दृष्टीने ही श्रीमंती होय. पण राष्ट्रगीत होण्याच्या आड तीच आली. ‘जन गण मन’ला तशी अडचण नव्हती. त्याचे एक कडवे सुमारे ५२ सेकंदांत पुरे होते.

या आक्षेपाला एका मराठी माणसाने कृतीने उत्तर दिले. आळंदीस जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले नट आणि प्रभातच्या ‘माणूस’, ‘शेजारी’ या बोलपटांचे संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे ‘वंदे मातरम्’साठी उभे राहिले. झिंझोटी रागात त्यांनी सर्वांना म्हणता येईल अशी चाल बांधली, बँडवर वाजेल अशी तिची रचना केली आणि दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे ती वाजवून दाखवली. वाजत नाही म्हणता ना, मग ही घ्या वाजवून, अशी ती रीत होती. तक्रार घेऊन जाताना सोबत तोडगाही न्यावा, हे आम्हा संघटनेतल्या लोकांना फार उशिरा कळते. त्या गवयाला ते आधीच कळले होते. त्यांना यश आले नाही, हा भाग निराळा. पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनेला चाल दिली ती याच मास्तरांनी.

आता आपल्या प्रांताविषयी. न्यूयॉर्कची वार्ता आल्यावर नेहरूंनी सर्व प्रांतांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून, ‘जन गण मन’ स्वीकारावे की दुसरे गीत घ्यावे, असे विचारले आणि मुख्यमंत्र्यांचा सल्ला घेऊन कळवण्यास सांगितले. सर्वांनी ‘जन गण मन’ला संमती दिली. एकट्या मध्यप्रांताच्या गव्हर्नरांनी दिली नाही. मध्यप्रांत व वऱ्हाड असे त्या प्रांताचे पूर्ण नाव. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल, गव्हर्नर मंगलदास पक्वासा. आज वाशीम जिल्ह्यात असलेले आपले किन्हीराजा तेव्हा अकोला जिल्ह्यात, म्हणजे याच प्रांतात होते. पुढे पश्चिम बंगालचे नवे मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या सरकारनेही आपली पसंती ‘वंदे मातरम्’ला असल्याचे कळवले. ज्या नागपूरने त्या गीतापायी शिक्षण तुटलेल्या मुलांना दहा वर्षांपूर्वी आसरा दिला होता, त्या नागपूरहून हे वेगळे मत जावे यात मला नवल वाटत नाही.

मंत्रिमंडळाने तात्पुरते ‘जन गण मन’ ठरवले. अंतिम निकाल २४ जानेवारी १९५० रोजी लागला. त्या दिवशी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सांगितले की, हा विषय ठरावाच्या रूपाने सभागृहापुढे आणण्याचा पूर्वी विचार होता. पण आता आपण निवेदनच करणे बरे. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत राहील आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान व दर्जा मिळेल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग सभासदांनी राज्यघटनेवर सह्या केल्या. शेवटी पूर्णिमा बॅनर्जी व इतर सभासदांनी ‘जन गण मन’ म्हटले आणि त्यामागून लक्ष्मीकांत मैत्र व इतरांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले. कोणी खाली बसले नाही, कोणी उठून गेले नाही.

निर्णय योग्य झाला असे माझे मत आहे. जे गाणे म्हणताना कोणाचाच घसा अडत नाही ते सर्वांचे गाणे व्हावे, आणि ज्या गाण्यासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्याचा मान तसूभरही कमी होऊ नये, ही दोन्ही कामे एकाच निवेदनाने साधली. पण रीतीविषयी माझी तक्रार आहे. या प्रश्नावर सभागृहात उघड चर्चा झाली नाही, मते मोजली गेली नाहीत. मास्टर कृष्णरावांचा प्रयत्न, मध्यप्रांताची नापसंती, बंगालचे म्हणणे, हे सारे कागदोपत्री राहिले. माझ्या धंद्याचा अनुभव असा की, जो करार कामगारांपुढे वाचून, त्यांची हरकत ऐकून आणि मग हात वर करवून केला जातो, तो कडू असला तरी टिकतो. टाळ्यांत उरकलेला करार बरा असला तरी त्याविषयी कुरबूर उरते. २०२५ साली ‘वंदे मातरम्’ला दीडशे वर्षे झाली म्हणून संसदेत चर्चा झाली, तेव्हा १९३७ ची कडवी पुन्हा उकरून काढली गेली. १९५० पूर्वी जे मोकळेपणाने बोलायचे राहिले, ते असे मागाहून आणि तेही रागाने बोलले जाते.

आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. केरळातील तीन मुले धर्मश्रद्धेमुळे शाळेत राष्ट्रगीत म्हणत नसत. मात्र ते चालू असताना आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले. आदराने उभे राहणे हाही मानच आहे, तोंड उघडण्याची सक्ती करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. १९३८ साली गाणे म्हटले म्हणून मुलांना काढले होते; येथे म्हटले नाही म्हणून. दोन्ही वेळा मुलांच्या बाजूने कोणीतरी उभे राहिले, एकदा नागपूरचे विद्यापीठ आणि एकदा देशाचे न्यायालय.

आपल्या प्रांताने आपले मत सांगितले, ते एकटे पडले, आणि निकाल लागल्यावर त्याच प्रांतातल्या शाळाशाळांतून ‘जन गण मन’ मनापासून म्हटले गेले. वेगळे मत दिल्याबद्दल कोणी त्याला देशद्रोही म्हटले नाही, आणि मत हरले म्हणून प्रांतही रुसून बसला नाही. आपल्या मुलांना राष्ट्रगीत पाठ असतेच. त्यासोबत ही हकीकतही त्यांना सांगितली, तर सावधान उभे राहून आपण कशाचा मान राखतो हे त्यांना अधिक नीट कळेल.