दगडावरची अक्षरं

परवा सोलापूरजवळच्या हत्तरसंग-कुडलला जाणं झालं. तिथं संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. वाचणारा विजयी होईल, असा त्यात आशीर्वाद!

भाच्यानं विचारलं, "मामा, कुणी भिंतीवर नाव कोरलं की तुम्ही रागावता. मग हे कसं चालतं?"

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथनं १८१९ साली चित्रावरच नाव खरडलं. आज त्यालाही इतिहास म्हणतात. पण चित्र बिघडलं ते बिघडलंच. कुडलचा लेख वाचणाऱ्याला काही देतो. स्मिथ फक्त 'मी आलो होतो' एवढंच सांगतो.

शाळेत असताना भुईकोट किल्ल्याच्या दगडावर मीही नाव खरडलं होतं. भाच्याला तेही सांगून टाकलं.