विनयातील फळे : भेसज्ज आणि पान

महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात औषध म्हणून अनुज्ञात फळे सांगितली आहेत: वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. आजीबाईच्या बटव्यातलीच ही नावे! ज्या औषधी फळाने अन्नाचे काम भागत नाही, ते भिक्खूने आयुष्यभर जवळ ठेवावे. परंतु विनाकारण सेवन केल्यास दुक्कट दोष लागतो. पंडुरोगावर गोमूत्रातील हिरडाही तेथे विहित आहे.

पानांचा नियम निराळा. आपण नावाच्या निगमात केणिय जटिलाने भिक्खुसंघासाठी पेये आणली, तेव्हा भगवंतांनी आंबा, जांभूळ, चोच, मोच, मोह, द्राक्ष, कमळकंद व फालसा या आठांच्या पानास अनुज्ञा दिली. मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य असलेल्या भिक्खूला हा मोठाच आधार होता. फळांपैकी धान्यफळांचा आणि फुलांपैकी मोहफुलांचा रस तेवढा वगळला. मोहफुलांचे कारण, आमच्या मते, त्यांच्या मद्यात शोधावे.

चोच म्हणजे नारळ, असा अर्थ काही जण करतात. आम्हांस तो पटत नाही. अट्ठकथेत चोच म्हणजे बियांची केळी व मोच म्हणजे बिनबियांची, असे स्पष्ट आहे. सह्याद्रीतील रानकेळीच्या टणक बिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा भेद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.