हेलियम-३ : ३ एप्रिल ते २० एप्रिल १९७२

‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या ३ एप्रिल १९७२च्या अंकात कॉर्नेल विद्यापीठातल्या ओशेरॉफ, रिचर्डसन आणि ली यांचा शोधनिबंध आहे. घनरूप हेलियम-३ची नवी अवस्था आढळल्याचा पुरावा, असे त्याचे शीर्षक सांगते. अवस्था नवी होती. घनाची मात्र नव्हती.

म्हणून त्यांना उतावीळ ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्या पोमेरांचुक कुपीत द्रव आणि घन हेलियम एकत्रच असे. दाब वाढवला की द्रव गोठे आणि मिश्रण आणखी थंड होई. नोव्हेंबर १९७१मध्ये २.७ मिलिकेल्विनच्या आसपास दाबाच्या आलेखाचा चढ एकाएकी बदलला. त्याखाली आणखी एक बारीक खूण उमटली. दाब साऱ्या मिश्रणाचा, त्यामुळे बदल द्रवातला की घनातला हे आलेखावरून कळेना. शिवाय घनात याच सुमाराच्या तापमानाला चुंबकीय क्रम येईल, अशी तेव्हा अपेक्षा होती.

निर्णायक कागद छापील नाही. ओशेरॉफ यांच्या प्रयोगवहीत २० एप्रिलच्या पहाटे २.४०ची नोंद आहे : द्रव हेलियम-३मधले बीसीएस संक्रमण आज रात्री सापडले. निबंध छापून सतराच दिवस झाले होते. कुपीभर चुंबकीय क्षेत्राची तीव्रता क्रमाने बदलती ठेवल्यामुळे अणुकेंद्रांचा कोणता चुंबकीय अनुनाद-संकेत कुठून येतो ते आता ओळखता येई, आणि खालच्या खुणेपाशी द्रवाचाच संकेत एकदम घटला होता. या नोंदीतला बीसीएसचा, म्हणजे कणांच्या जोड्या जमण्याच्या सिद्धान्ताचा, उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. हेलियम-३चे अणू फर्मिऑन आहेत. एका क्वांटम अवस्थेत दोन मावत नाहीत. जोड्या जमल्या, तरच त्यांना अतिप्रवाही होता येते. त्या ओळीत निरीक्षणाबरोबर त्याचे कारणही नोंदले गेले.

जोडी कशी, हे अजून उलगडायचे होते. ऑक्टोबरच्या निबंधात, आता गली यांच्यासह, वरच्या खुणेपासून सुरू होणाऱ्या अवस्थेत द्रवाची अनुनाद-वारंवारता सरकल्याचे आले. ससेक्स विद्यापीठातल्या लेगेट यांना ते सरकणे अवाजवी मोठे दिसले : शेजारच्या अणूंमधले चुंबकीय बल त्यापुढे फारच क्षीण. साऱ्या जोड्यांची दिशा एकच असेल, तर मात्र या क्षीण बलाची बेरीज होते. त्याच महिन्यात छापलेल्या त्यांच्या निबंधाचे शीर्षक, ही नवी द्रव अवस्था आहे का, असे विचारते. प्रत्यक्ष प्रवाहाचा पुरावा १९७३मध्ये हेलसिंकीहून आला : द्रवात कंपणाऱ्या तारेला होणारा अटकाव झपाट्याने कमी झाला होता.