रोमच्या मास्तरांचे पुस्तक

वक्तृत्वाचे पुस्तक म्हटले की आपल्याला काय आठवते? हातवारे कसे करावेत, आवाज कुठे चढवावा, टाळ्या कुठे पडाव्यात. १७१८ साली पॅरिस शहरात एक जाडजूड फ्रेंच पुस्तक छापून निघाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘वक्त्याचे शिक्षण’ असा होतो. पण पहिलेच प्रकरण उघडून बघा. तिथे सभा नाही की व्यासपीठ नाही. तिथे आहे एक तान्हे मूल आणि त्याला सांभाळणारी दाई! दाईचे बोलणे शुद्ध असावे, कारण मूल पहिले शब्द तिच्याच तोंडून उचलते, असे ग्रंथकार बजावतो.

हे पुस्तक मुळात फ्रेंच नव्हेच. त्याचा कर्ता क्विंटिलियन. इ. स. ३५ च्या सुमारास तो स्पेनमध्ये जन्मला आणि रोममध्ये त्याने वीस वर्षे मुले शिकवली. सम्राट व्हेस्पासियनने त्याला सरकारी खजिन्यातून पगार बांधून दिला. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर हा सरकारी मास्तर. शाळा सोडल्यावर, इ. स. ९५ च्या आसपास, त्याने हा बारा भागांचा ग्रंथ लॅटिन भाषेत लिहिला.

शिक्षक बंधुभगिनींनी त्याचा पहिला भाग तरी माहीत करून घ्यावा असा आहे. अक्षरांची ओळ पोरांकडून आधी तोंडपाठ करून घेण्याची चाल त्याला मुळीच पसंत नव्हती. अशाने पोरगे अक्षराकडे बघतच नाही, नुसते आठवणीने पुढे रेटते, असे तो म्हणतो. आपल्या वर्गात हे कोणी पाहिले नसेल? त्यापेक्षा हस्तिदंताची अक्षरे करून ती मुलांना खेळायला द्यावीत. लिहिण्याच्या फळीवर अक्षरे कोरून ठेवावीत, म्हणजे त्या खाचेतून लेखणी फिरवताना हात भरकटत नाही. आणि एकदम फार शिकवू नये. अरुंद तोंडाच्या भांड्यावर भडाभडा पाणी ओतले तर ते बाहेरच सांडते. बारीक धारेने ओतले तर भांडे भरते.

आता छडीचे बघू. त्या काळी रोममध्ये मुलांना सर्रास मार बसे. क्विंटिलियन त्याच्या साफ विरुद्ध. मार हा गुलामांना शोभणारा, असे तो लिहितो. (गुलामांनी तरी तो का खावा, हा प्रश्न त्याला पडला नाही. तो त्याच्या काळाचा माणूस होता.) मार खाऊन मूल कोडगे होते. मास्तर जवळ बसून अभ्यास करून घेत असेल, तर छडीची गरजच पडत नाही. आणि पोरगा वाढून जवान झाला, मग काय करणार?

असा हा ग्रंथ पुढे युरोपात जवळजवळ हरवला. मधलेमधले भाग गळालेल्या प्रती तेवढ्या उरल्या. इटलीतला कवी पेत्रार्क याला १३५० साली अशीच एक तुटकी प्रत मिळाली, तेव्हा त्याने बाराशे-साडेबाराशे वर्षांपूर्वी वारलेल्या क्विंटिलियनला चक्क पत्र लिहिले! अखेर १४१६ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी नावाच्या विद्वानाला, आजच्या स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनच्या मठात, एका बुरुजाच्या तळाशी पूर्ण प्रत सापडली. बुरशी चढलेली, धुळीने माखलेली. तिथे फाशीच्या कैद्यालाही ठेवू नये, अशा अर्थाचे त्याने एका मित्राला कळवले. त्याने ती आपल्या हाताने उतरवून घेतली. १४७० साली ग्रंथ रोममध्ये छापला गेला.

तरी तो राहिला लॅटिनमध्येच. ज्याला लॅटिन येत नाही, त्याला कुलूपच. फ्रान्समध्ये १६६३ साली एक भाषांतर झाले होते, पण नाव झाले ते १७१८ च्या या भाषांतराचे. ते करणारा निकोला झेद्वाँ हा ऑर्लेआँ गावचा. काही वर्षे जेझुइट पंथात काढून तो पुढे पॅरिसच्या सेंत-शापेल या राजघराण्याच्या देवळात धर्माधिकारी झाला. पुस्तकानंतर पुढच्याच वर्षी तो फ्रेंच अकादमीत बसला. त्याच्या भाषांतराच्या नंतरही आवृत्त्या निघत राहिल्या. मात्र त्याने मूळ ग्रंथातले काही उतारे गाळले होते. काप्रोनिए नावाच्या पंडिताच्या हस्तलिखित टिपणावरून ते पुढे एका आवृत्तीत भरून काढावे लागले. मला विचाराल तर भाषांतरकाराने मुळाची कात्री आपल्या हाती घेऊ नये. पण त्याच्यामुळे कितीतरी घरांत हा रोमन मास्तर फ्रेंच बोलू लागला, हेही खरंच.

सहाव्या भागाचा आरंभ वाचताना मात्र मन थबकते. हा ग्रंथ आपल्या मुलासाठी ठेव म्हणून राहावा, अशी क्विंटिलियनची इच्छा होती. त्याची बायको एकोणीस वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हाच गेली. धाकटा मुलगा पाच वर्षांचा होऊन गेला. उरलेला थोरला दहाव्या वर्षात होता. तोही आजारी पडला, आणि शेवटच्या घटकेला वातात बरळला ते शाळेविषयी आणि अभ्यासाविषयी. आता हे लिहू तरी कोणासाठी, असा आक्रोश बाप तिथे करतो. मग लेखणी पुन्हा उचलतो आणि पुढचा विषय घेतो : भाषणाचा शेवट कसा करावा.