जांघेतून मनगटाकडे

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला जुनी माणसे ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. गारगोटी, गडहिंग्लज, चंदगडकडील माणूस छातीत कळ आली की बहुधा याच शहराची वाट धरतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झालेल्या रुग्णाला भेटायला गेलो, तर पूर्वी तो पाय सरळ ठेवून उताणा पडलेला दिसे. आता तो पुष्कळदा मनगटाला पट्टी बांधून खाटेवर बसलेला आढळतो. या लहानशा बदलामागे मोठा इतिहास आहे.

हृदयाकडे जाणारी पहिली वाट हातातूनच निघाली. 1929 मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या कोपरातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. 1956 साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. 1958 मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांचे पहिले नेमके चित्र घेतले, तेही कोपराजवळची धमनी उघडून. परंतु 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी चिरा न देता सुईने धमनीत शिरण्याची युक्ती दाखवली होती. पुढे 1967 मध्ये जडकिन्स यांनी तिच्या आधारे जांघेची पद्धत रूढ केली. तेथील धमनी रुंद, म्हणून डॉक्टरांच्या हाताला सोपी. मात्र ती खोलवर असते. नळी काढल्यावर रक्त थांबविण्यासाठी बराच वेळ दाब द्यावा लागे, रुग्णाला कित्येक तास निश्चल पडावे लागे, आणि आत झालेला रक्तस्राव कधी लवकर ध्यानातही येत नसे.

1989 मध्ये कॅनडातील ल्युसिएँ कांपो यांनी मनगटातील धमनीचा मार्ग शंभर रुग्णांत वापरून पाहिला. 1992 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या किमेनेय यांनी याच वाटेने अडथळा दूर करण्याचा उपचारही केला. ही धमनी बारीक असते, ती आकसते, कधी पुढे बंदही पडते. पण ती हाडावर उथळ असल्याने सहज दाबता येते, आणि तळहाताला करंगळीकडील दुसऱ्या धमनीचाही रक्तपुरवठा असतो. भारतात अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांनी या पद्धतीचा हिरिरीने प्रसार केला.

2011 मध्ये 7,021 रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व मोठा रक्तस्राव यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही वाटा जवळपास सारख्याच ठरल्या. परंतु रक्तवाहिनीला गंभीर इजा होण्याचे प्रमाण जांघेच्या मार्गात 3.7 टक्के, तर मनगटाच्या मार्गात 1.4 टक्के आढळले. 2015 च्या 8,404 रुग्णांच्या अभ्यासात मृत्यूही मनगटाच्या गटात कमी होते. म्हणून जांघेची वाट टाकाऊ ठरत नाही. जाड उपकरणे न्यायची असतील किंवा मनगटाची धमनी साथ देत नसेल, तर तीच उपयोगी पडते. शिवाय मनगटाच्या वाटेसाठी सरावलेला हात हवा.

या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट जाणवते. जांघेची वाट प्रथम उपचार करणाऱ्याच्या सोयीने निवडली गेली. मनगटाची वाट रुग्णाच्या सोयीने. गुण दिसूनही ती सर्वत्र रुळायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, कारण सवय सोडणे विद्वानांनाही जड जाते. ज्या मनगटावर बोटे ठेवून आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या नाडी पाहत आले, तेथूनच आज हृदयाचे दार उघडते. आपल्या माणसाला टेबलावर नेण्यापूर्वी ‘कोणत्या वाटेने, आणि का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा हक्क प्रत्येक कुटुंबाला आहे. तो आपण बजावावा.